पडवीत बसवलेली पोरं आणि अर्ज लिहिणारे पेन्शनर

शैक्षणिक नेतृत्व या विषयावर आजकाल शिबिरं होतात. हॉल घेतात, पडद्यावर चित्रं दाखवतात, परदेशी लेखकांची नावं सांगतात, दुपारी जेवण देतात. अशा शिबिरांना आम्हीही बसलो आहोत. सगळंच वाया जातं असं नाही. पण कोकणातल्या शिबिरात कोकणातलंच सर्वात मोठं उदाहरण कुणी काढत नाही, आणि ते का काढत नाही हे वेगळं सांगायला नको.

ते उदाहरण दापोलीचं आहे. साल 1892. अर्ज करणारे होते फौजेतून निवृत्त झालेले महार पेन्शनर. मागणी एवढीच, की आमच्या मुलांना गावच्या सरकारी शाळेत घ्या.

ही माणसं शाळेसाठी भांडायला पुढे कशी आली? कारण शाळा काय करते हे त्यांनी पलटणीत पाहिलं होतं. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ व्हायचा, तोच माणूस छावणीत वाचायला-लिहायला शिकत होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याच्या घराण्यातला महार मुख्याध्यापक, तोही एकोणिसाव्या शतकात! आणि याच सुमारास ब्रिटिशांनी महारांची लष्करभरती बंद केली. ज्या शिडीने एक पिढी वर चढली, ती पुढच्या पिढीसाठी काढून घेतली गेली. म्हणून गावातली शाळा हा या पेन्शनरांसाठी जगण्या-मरण्याचा प्रश्न झाला.

त्यांच्यातले अग्रणी गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. 1886 साली निवृत्त होऊन ते दापोलीत राहिले. अनार्य दोष परिहारक मंडळी काढली, 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहून उच्चवर्णीयांना प्रश्न विचारले, वृत्तपत्रांतून लिहीत राहिले. विचार त्यांनी हवेतून आणला नव्हता. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे मांडलं होतं, की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च वरच्यांच्या शिक्षणावर होतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हा सिद्धांत. दापोलीचा अर्ज हे त्याचं प्रात्यक्षिक.

निकाल काय लागला? पोरांना शाळेत घेतलं, पण बसवलं पडवीत. मास्तर आत, फळा आत, आमची पोरं बाहेर. कोकणातला पाऊस डोळ्यांपुढे आणा, म्हणजे पडवी काय असते ते कळेल. तरीही या माणसांनी पोरं घरी नेली नाहीत. पडवी ही हार नव्हती आणि विजय तर नव्हताच. ती आत जायच्या वाटेवरची जागा होती. 1895 साली वलंगकरांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांचा जळफळाट झाला. लिहिणं, अर्ज करणं, मग निर्णय होतो त्या टेबलाशी जाऊन बसणं, हा क्रम आम्हाला कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त शिकवतो.

त्यांचं सगळंच आम्ही डोक्यावर घेत नाही. भरतीच्या अर्जात त्यांनी आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा केला. तो रस्ता बाबासाहेबांनी पुढे सोडून दिला, ते बरं झालं. आणि या कहाणीत मुली फारशा दिसत नाहीत. त्याच्या कितीतरी आधी, 1855 साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मातंग मुलीचा निबंध छापून आला होता, हे विसरता येत नाही.

पुढे 1923 साली भंडारी समाजाचे पुढारी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला. महाडच्या तळ्यामुळे तो सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्या ठरावात सार्वजनिक शाळाही होत्या. मालवणच्या किनाऱ्यावर भंडारीवाडी आणि बौद्धवाडी शेजारी-शेजारी असतात. बोल्यांचं नाव दोन्हीकडच्या पोरांना माहीत नसतं.

आता आजचं बोलू. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला, वंचित गटांच्या पालकांना प्रमाणशीर जागा. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदान कुठे गेलं हेही तिनेच बघायचं. वलंगकरांना अर्जांवर अर्ज करून जे मिळालं नाही, ते आपल्याला कायद्याने दिलंय. आणि आपण? विहाराच्या बांधकामाला मुंबईची मंडळं, चाकरमानी, सगळे धावतात, ते धावायलाच हवेत. पण गावच्या शाळेच्या समितीत वाडीतलं कोण आहे, विचारा. पटसंख्या घटलेल्या शाळा बंद करायची चर्चा निघते, तेव्हा व्हाळ ओलांडून दोन वाड्या पलीकडे कुणाचं पोर चालत जाणार, हा प्रश्न सभेत विचारायला आपलं माणूस नसतं.

आम्ही एका शाळेचं इतिवृत्त पाहिलं. वाडीतल्या एका ताईची सही दर सभेला होती. त्या म्हणाल्या, "वही घराक येता, मी सही करतंय. सभा कधी झाली माका म्हायत नाय." त्यांच्यासोबत आम्ही तीन संध्याकाळी बसून कलम 21 आणि 22 मोठ्याने वाचलं. पुढच्या वेळी वही घरी आली, तेव्हा त्यांनी सही केली नाही. सभेची तारीख लेखी कळवा, असा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. चार ओळींचा होता. पोच घेऊन आल्या.