खिळे बरोबर घेऊन निघालेले पान

गेल्या वर्षी माझ्या पहिल्या कादंबरीची दुसरी आवृत्ती काढावी असे ठरले, म्हणून मी कपाटातली जुनी सीडी शोधून काढली. २००४ साली तालुक्याच्या गावी ज्या छापखान्यात पुस्तकाची जुळणी झाली, तो आता उरलेला नाही. सीडीवर दोन फायली निघाल्या. एक पानजुळणीची, ती कोणत्याही संगणकावर उघडेना. दुसरी पीडीएफ, ती मात्र अशी उघडली, की जणू कालच छापायला दिली होती. एक मात्रा हललेली नाही, एक ओळ सरकलेली नाही. हर्षभराने मी पहिला परिच्छेद उचलून नव्या पानावर ठेवला, तो काय! रोमन अक्षरे, उद्गारचिन्हे, कंस, डॉलरच्या खुणा यांची नुसती खिचडी. डोळ्यांना दिसत होती मराठी, आणि हाती आले हे!

वर्गात एखादे गणित चुकले म्हणजे मी मुलांना विचारतो, "हे असे का झाले असेल?" तोच प्रश्न आता मला पडला, आणि उत्तर शोधता शोधता मी थेट कॅलिफोर्नियातल्या एका ओढ्याकाठी जाऊन पोहोचलो.

खिळ्यांच्या काळात असा प्रश्न निघण्याची सोयच नव्हती. कंपोझिटर केसमधून जो खिळा उचली, तोच कागदावर उमटे. पान म्हणजे शिशाचा एक जड ठोकळा. संगणक आले, पानाचे वजन गेले, आणि त्याबरोबर त्याचा भरवसाही गेला. प्रत्येक छपाईयंत्राची बोली निराळी. एका यंत्रासाठी सजवलेले पान दुसऱ्याला समजत नसे.

या गोंधळावर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की हे दोघे उपाय शोधीत होते. गेश्कींचे वडील आणि आजोबा छपाईचे ब्लॉक करणारे, तेव्हा शाईचा वास घरातलाच. सर्व यंत्रांना समजेल अशी 'इंटरप्रेस' नावाची एक भाषा तिथे तयार झाली. पण कंपनी ती घराबाहेर जाऊ देईना. सर्वांना समजावी म्हणून केलेली भाषा कुलपात! कंटाळून १९८२ साली दोघांनी नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागून जो ओढा वाहत असे, त्याचेच नाव तिला दिले: ॲडोबी.

त्यांनी जी नवी भाषा केली तिचे नाव पोस्टस्क्रिप्ट. ती १९८४ साली बाहेर पडली. तिच्यातली युक्ती समजावी म्हणून, दिवाळीचे दिवस आहेत तर, अंगणातलेच उदाहरण घेऊ. रांगोळीचा फोटो काढून तो मोठा करीत गेले, की एका हद्दीनंतर रेघ फुटते आणि नुसते चौकोनी ठिपके दिसू लागतात. पण शेजारच्या काकूंनी सांगितले, "अकरा ठिपके, अकरा ओळी, मधल्यापासून सुरुवात, तिथून तिसऱ्या ठिपक्यापर्यंत पाकळीचे वळण," की मग तीच रांगोळी उंबऱ्यापुढे हातभर काढा, नाही तर देवळाच्या पटांगणात काढा, रेघ कुठेच फुटत नाही. पहिला प्रकार बिटमॅपचा, दुसरा व्हेक्टरचा. पोस्टस्क्रिप्ट यंत्राकडे अक्षराचे चित्र धाडीत नाही, ते कसे काढायचे याचा निरोप धाडते. म्हणूनच एकच फाईल लेझर छपाईयंत्रावर इंचाला ३०० ठिपक्यांनी उमटे, आणि लायनोटाइपच्या लायनोट्रॉनिक १०० यंत्रावर १२७० ठिपक्यांनी, तलम.

सरळ रेघ सांगणे सोपे. वळण कसे सांगायचे? गणिताशी माझा संबंध मॅट्रिकपाशी सुटला, तरी एवढे समजले, की वळणाची दोन टोके आणि त्याला आपल्याकडे ओढणारे दोन अदृश्य बिंदू, एवढे चार सांगितले की काम भागते. ही विद्या मोटारींच्या कारखान्यातली. सिट्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो यांना ती १९५९ साली सापडली, पण कंपनीने ती झाकून ठेवली. रेनो कंपनीच्या पिएर बेझिए यांनी आपले काम प्रसिद्ध केले, आणि वळणांचे बारसे त्यांच्या नावाने झाले. कुलपे लावणाऱ्यांनी या हकिकतीत फार काही कमावलेले दिसत नाही.

१९८५ साली ॲपलने लेझररायटर हे छपाईयंत्र आणले. किंमत ६,९९५ डॉलर. ज्या मॅकिन्टॉश संगणकाला ते जोडायचे, त्याच्याहून त्याचाच मेंदू अधिक वेगवान. त्याच वर्षी ऑल्डस कंपनीचे पेजमेकर आले, आणि टेबलावर पान लावण्याचा धंदा जन्मला. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला ज्या डीटीपीच्या पाट्या लागल्या, त्यांचे मूळ इथे. १९८७ साली रेखाचित्रांसाठी इलस्ट्रेटर आले.

तरी एक उणीव उरली. पान पोहोचले आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर यंत्र दुसराच बसवी. शिवाय पोस्टस्क्रिप्ट हा सगळा आज्ञांचा प्रवाह. पन्नासावे पान पाहायचे तर आधीच्या आज्ञा उलगडत यावे लागे. १९९१ साली वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' नावाचे एक टिपण लिहिले. कोणत्याही संगणकावर कोणतेही कागदपत्र जसेच्या तसे दिसावे आणि छापावे, ही त्यातली इच्छा. त्यातून १९९३ साली पीडीएफ आली. तिने प्रत्येक पान सुटे केले आणि फॉन्ट फाईलच्या पोटातच घालण्याची सोय केली. पान आपले खिळे बरोबर घेऊन प्रवासाला निघाले म्हणा ना! ती वाचण्याचा प्रोग्रॅम आधी विकत होता, तेव्हा फारसे कोणी फिरकले नाही; फुकट झाला आणि पीडीएफ जगभर गेली. २००५ साली जतनासाठी तिचा एक वेगळा प्रकार ठरला, त्यात फॉन्ट पोटात असणे सक्तीचे. २००८ साली पीडीएफ आंतरराष्ट्रीय मानक झाली, एका कंपनीची मालमत्ता राहिली नाही.

माझी कादंबरी लख्ख दिसली ती या पोटातल्या खिळ्यांमुळे. मग हाती खिचडी का आली? कारण आकृती निराळी आणि अक्षराची ओळख निराळी. आपल्या जुन्या मराठी फॉन्टांत देवनागरी आकृत्या रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत. आकृती 'क'ची, पण संगणकाच्या वहीत नाव भलत्याचेच. माझ्या नायिकेचे नाव निर्मला. लिहिताना पहिली वेलांटी 'न'च्या आधी येते, उच्चार मात्र नंतर. रफार 'म'च्या डोक्यावर बसतो, पण म्हणायचा 'म'च्या आधी. जुन्या फाईलीत सगळे डोळ्यांच्या क्रमाने मांडलेले. १९९१ साली निघालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या जागा दिल्या आणि क्रम उच्चाराचा धरला. कोणत्या आकृतीचे कोणते अक्षर, ही तालिकाही पीडीएफमध्ये ठेवता येते. माझ्या फाईलीत ती नव्हती. सगळ्या पुस्तकात 'निर्मला' शोधून पाहिले. संगणक म्हणतो, असे कोणी इथे नाही.

अशा फायलींना उलटे वळवून देणारे प्रोग्रॅम आहेत. माझ्या फॉन्टाला एकही बसेना. शेवटी पीडीएफ समोर उघडून कादंबरी पुन्हा टाइप करायला घेतली. संध्याकाळी धाकटी मुलगी वाचून दाखवते, मी टाइप करतो. काल नववे प्रकरण चालू होते. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाबा, ही आजी मेली नसती तर चाललं नसतं का?"

मी म्हटले, "तू आधी पुढचं वाक्य वाच."