ख्रिस्तपुराण व पश्चात्तापाची हांक

मराठी भाषेच्या स्तुतीच्या ज्या ओव्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतात, त्या फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणांतील आहेत, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण त्यांच्यापलीकडील सुमारें अकरा हजार ओव्या वाचण्याचे श्रम फारच थोड्यांनीं घेतले आहेत. आपली स्तुति ऐकून तेथेंच थांबावें, हा मनुष्यस्वभावच आहे म्हणा! वस्तुतः ग्रंथाचें महत्त्व निराळें आहे. मनुष्यमात्रानें पापाविषयीं पश्चात्ताप करावा व ख्रिस्तावर विश्वास ठेवावा, हा सर्व मानवजातीस उद्देशून असलेला संदेश एका परदेशस्थानें आमच्या पुराणिकाच्या आसनावर बसून सांगितला, ही त्याची अपूर्वाई होय.

स्टीफन्स हा मूळचा इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांतला. जेझुइट संघांत शिरून तो १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१९ त मृत्यु येईपर्यंत त्याचें बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतांत गेलें. तो काळ मोठा बिकट होता. इन्क्विझिशनचें न्यायासन गोव्यांत १५६० पासूनच मांडलेलें होतें. साष्टींतील देवळें त्यानंतर थोड्याच वर्षांत पाडण्यांत आलीं. १५८३ त कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइटांस ठार मारिलें, तेव्हां पोर्तुगीजांनीं गांवच्या प्रमुखांस बोलणें करण्याच्या मिषानें बोलावून त्यांचा वध केला. पश्चात्ताप ही तर अंतःकरणाची क्रिया; ती राजसत्तेच्या धाकानें कशी घडावी? धाकानें फार तर मान लवते. स्टीफन्स ह्या सर्वांपासून अलिप्त होता असें म्हणतां येत नाहीं. ज्या धर्मसंस्थेनें हें चालूं दिलें, तिचाच तो सेवक होता.

तथापि त्याच्या ग्रंथारंभींचा एक प्रसंग विचार करण्यासारखा आहे. नवख्रिस्ती समाजांतील एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, मग त्यांच्या जागीं दुसरीं कां देत नाहीं? ज्यांचें सर्वस्व काढून घेतलें गेलें, त्यांची व्यथा ह्या एका प्रश्नांत आली आहे, आणि ग्रंथकर्त्यानें ती झांकून ठेविली नाहीं. त्या प्रश्नाचें उत्तर म्हणजेच हें पुराण. कथा सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघते. सर्व मानव एका आदामाचीं लेंकरें. म्हणून पतन सर्वांचें, आणि तारणाचा मार्गही सर्वांस खुला. दुसऱ्या भागांत ख्रिस्ताचें चरित्र येतें. स्वर्गास तो ‘वैकुंठ’ म्हणतो, तेव्हां श्रोत्यास परक्या घरांत आल्यासारखें वाटत नाहीं.

प्रस्तावनेंत तो सांगतो कीं, जुन्या कवितेंतील कठीण शब्द साध्या लोकांस कळत नाहींत, म्हणून ते सोडून कोंकणींतले सोपे शब्द घातले आहेत. ह्या मिश्रणाबद्दल नाक मुरडणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, जो निरोप सर्वांसाठीं आहे, तो पंडितांच्या भाषेंत अडकवून ठेवणें हीच विसंगति झाली असती. दुसरी एक विसंगति मात्र ग्रंथाला मिटवितां आली नाहीं: एका आदामाचीं लेंकरें म्हणविणाऱ्या गोव्याच्या ख्रिस्ती समाजांत बामण, चारडे व सुदीर हे भेद तसेच राहिले.

पुराण १६१६ त राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. देवनागरी खिळे तेथें नव्हते. पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ त व्हाइसरॉयनें फर्मान काढून लोकांनीं आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलावी, असें ठरविलें. त्या पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज हातीं नाहीं. पण गोवा सोडून कानडा मुलुखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं व ओव्या गाइल्या. त्या पोथ्यांच्याच आधारें जोसेफ सालढाणा ह्यांनीं १९०७ सालीं मंगळुरास हें पुराण पुन्हा छापिलें.