पायगाडी, गिअर आणि बॅटरी : सायकलीवरील कष्टांचा एक छोटा इतिहास

सायकलीचा इतिहास सहसा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन द्राइसने पायाने जमीन रेटत पुढे न्यायची लाकडी दुचाकी केली. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडले बसली. १८८५ साली जॉन केंप स्टार्ले ह्या इंग्रज उद्योजकाने साखळीने मागचे चाक फिरवणारी 'रोव्हर' आणली, आणि १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉपने हवेचा टायर दिला. हा क्रम पाठ्यपुस्तकात शोभून दिसतो. परंतु ह्या प्रत्येक पायरीवर माणसे काय म्हणाली, कोणाला हसली आणि कोणाला त्यांनी नावे ठेवली, ह्याचाही एक इतिहास आहे. विजेच्या मोटरची मदत घेणाऱ्या सायकली आपल्याकडे दिसू लागल्यापासून 'ही काय खरी सायकल?' असा प्रश्न वारंवार कानी पडतो. त्याचे उत्तर यंत्राच्या इतिहासात सापडणार नाही. ते ह्या दुसऱ्या इतिहासात शोधावे लागेल.

द्राइसची गाडी १८१९ साली लंडनमध्ये पोहोचली तेव्हा तेथील व्यंगचित्रकारांना आयते खाद्य मिळाले. छानछोकी करणाऱ्या तरुणांचा हा लाकडी घोडा, अशी तिची टिंगल झाली. सत्तर वर्षांनी, १८८९ साली, बेलफास्टच्या शर्यतीत विली ह्यूम हवेचे टायर लावून उतरला, तेव्हा त्या फुगीर टायरांकडे पाहून प्रेक्षक प्रथम हसले. ह्यूम शर्यती जिंकत गेला आणि हसणे थांबले. आज भरीव टायरची सायकल कोणी चालवत नाही, आणि हवेचा टायर ही 'सवलत' आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. कालची सवलत आज सायकलीचे मूळ रूप वाटू लागते. मधला वाद मात्र विसरला जातो.

गिअरची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. फ्रान्समधील सँतेत्येन येथे राहणारा पॉल द विव्ही 'व्हेलोसियो' ह्या टोपणनावाने सायकलीवर लिहीत असे. चढउतारांच्या मुलखात एकाच गिअरवर रेटत राहण्यात शहाणपण नाही, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. त्याच्या विरुद्ध टोकाला होता आंरी देग्रांज, १९०३ साली 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारा संपादक. १९०२ साली त्याने लिहिले की गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे. स्नायूंच्या बळावर जिंकणे यंत्राच्या करामतीने जिंकण्याहून श्रेष्ठ. त्याच्या शर्यतीत स्पर्धकांना साखळी बदलणारे गिअर वापरण्याची मुभा मिळाली ती १९३७ साली. तोवर हे वीर घाटाच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या दात्यांवर साखळी चढवून पुढे जात.

देग्रांजचे मत शर्यतीपुरते समजण्यासारखे आहे. शर्यत म्हणजे शरीराची परीक्षा, आणि परीक्षेला नियम हवेत. २०१६ साली बेल्जियममध्ये सायक्लोक्रॉसच्या विश्वस्पर्धेत एका तरुण स्पर्धक स्त्रीच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली, तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली, आणि ते योग्यच झाले. अडचण निर्माण होते ती शर्यतीची नीती रस्त्यावर आणल्यामुळे. बाजारातून भाजी आणणारा, तासाला पोहोचायचे असलेला किंवा मुलाला शाळेत सोडणारा माणूस कोणाशी स्पर्धा करत असतो? त्याने कोणाला फसवले? 'फसवणूक' हा शब्द स्पर्धेच्या मैदानातला. तो दैनंदिन प्रवासाला लावला जातो तेव्हा आपण नकळत देग्रांजच्या बाजूने बोलत असतो.

सायकलीवरच्या सुखाला स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक कलंक चिकटला होता. १८९०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत स्त्रिया सायकल चालवू लागल्या, तेव्हा त्यांचे चेहरे ताणाने कायमचे विद्रूप होतील अशी भीती काही डॉक्टरांनी घातली. मद्यपानविरोधी चळवळीच्या नेत्या फ्रान्सेस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या आणि १८९५ साली त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिले. मधला दांडा खाली घेतलेली, लांब वस्त्र सांभाळून बसता येईल अशी सायकल त्याच काळात रूढ झाली. तिला आपण आजही 'लेडीज सायकल' म्हणतो, आणि मुलग्याने ती चालवली की त्याला हसतो. चढायला-उतरायला सोपे असणे हा गुण आहे. आपण त्याचे लिंग ठरवले आणि मग तो कमीपणा मानला.

विजेची मदत ही कल्पनाही कालपरवाची नव्हे. अमेरिकेतील ऑग्डेन बोल्टन ह्याला ३१ डिसेंबर १८९५ रोजी ज्या सायकलीचे पेटंट मिळाले, तिची मोटर मागच्या चाकाच्या मध्यभागी होती. आज आपल्याकडील अनेक विद्युत सायकलींत मोटर तेथेच असते. जेरोम के. जेरोम ह्यांनी १९०० सालच्या 'थ्री मेन ऑन द बमेल'मध्ये सायकलींच्या जाहिरातींची खिल्ली उडवली आहे. त्या चित्रांत स्वार कधीच कष्ट करताना दिसत नाहीत, अशी त्यांची तक्रार. म्हणजे विनाकष्ट सायकलीचे स्वप्न तेव्हाही विकले जात होते. ते व्यवहारात उतरायला १९९३ साल उजाडले. त्या वर्षी जपानच्या यामाहा कंपनीने पायडल मारले तरच मदत करणारी सायकल बाजारात आणली. मोटर स्वाराऐवजी काम करत नाही, स्वाराबरोबर करते, हा त्यातला महत्त्वाचा भेद. पुढे युरोपीय कायद्याने २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ह्या मर्यादेत राहणाऱ्या अशा सायकलीला मोटरवाहन मानले नाही. भारतातील मोटरवाहन नियमांतही हेच आकडे येतात.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू ह्यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. मराठी नियतकालिकांच्या अभ्यासकाला 'किर्लोस्कर' (१९२०) आणि 'स्त्री' (१९३०) ठाऊक असतात. ती ज्या उद्योगघराण्यातून निघाली त्याचा आरंभ सायकलीच्या दुकानाने झाला, हे अनेकदा ध्यानात राहत नाही. त्या काळी ही 'पायगाडी' हौशी आणि सधन माणसाची वस्तू होती. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले, तेव्हा सायकल ही पराक्रमाची खूण होती. स्वातंत्र्यानंतर अॅटलस (१९५१), हिरो (१९५६) अशा देशी कारखान्यांनी तिला कारकून, शिक्षक आणि कामगार ह्यांच्या दारी आणले. पुणे 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले गेले. भाड्याच्या सायकली, डबलसीट पकडणारा पोलीस, रात्री दिवा नसल्याची धास्ती, नगरपालिकेचा पितळी बिल्ला हे सारे त्या पिढीच्या नित्य व्यवहाराचे भाग होते.

१९७२ हे वर्ष ह्या इतिहासात वेगळे काढावे लागते. त्या वर्षी आकुर्डीच्या बजाजची चेतक आली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लुनाही आली. चेतकला पायडल नव्हते, लुनाला होते. इंजिन रुसले की पायडल मारत घरी जाता येई. पन्नास सीसीची ती लुना म्हणजे आजच्या विद्युत सायकलीची थोरली बहीणच. तिच्यावर बसणाऱ्यांत निवृत्त मास्तर होते, नर्सबाई होत्या, दूधवाले होते. आणि स्कूटरवाल्यांच्या लेखी ती सदैव चेष्टेचा विषय होती. पुढे स्कूटरी आणि मोटरसायकली इतक्या वाढल्या की 'दुचाकी' ह्या शब्दातून सायकल जणू गळूनच पडली. आज वर्तमानपत्रात 'दुचाकीस्वार जखमी' असे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे सायकल येत नाही. वाहनाची प्रतिष्ठा गेली की शब्दावरचा त्याचा हक्कही जातो, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आम्ही दोघे गेली काही वर्षे दोन्ही प्रकारच्या सायकली चालवत आहोत, म्हणून थोडे अनुभवाचेही लिहितो. सपाट रस्त्यावर तीन-चार किलोमीटर जायचे असेल तर साधी सायकल अधिक सुखाची. ती हलकी असते, पायाला लगेच उत्तर देते आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला तिला ओळखतो. विद्युत सायकलीचे मागचे चाक पाहिले की त्याची वायर आणि जाड नट पाहून तो हात जोडतो. आमच्या विद्युत सायकलीची मोटर पायडल फिरवल्यानंतर क्षणभराने जागी होते आणि ताशी पंचविसाच्या पुढे हात काढून घेते. बॅटरी वाटेत संपली तर पंचवीस किलोंची ती गाडी दळणाच्या पोत्यासारखी जड वाटते. परंतु कोथरूडकडून चांदणी चौकाचा चढ समोर असेल, उन्हाळा असेल आणि वर पोहोचताच तास घ्यायचा असेल, तेव्हा तिची किंमत कळते. सदरा कोरडा राहतो, श्वास ताब्यात असतो, गुडघे कुरकुरत नाहीत. देग्रांजच्या वयोमर्यादेच्या जवळ आलेल्या आमच्यासारख्यांना हे थोडे नाही.

लोकांचे बोलणे मात्र दोन्ही सायकलींवर ऐकावे लागते. साध्या सायकलीवर दिसलो तर, "काय सर, पेट्रोल परवडेना का?" विद्युत सायकलीवर दिसलो तर तेच सहकारी, "मग व्यायाम कसला होणार, मॅडम? ही तर फसवणूक!" पहिल्या वाक्यात कष्टाची लाज आहे आणि दुसऱ्यात सुखाची. वरवर ही दोन मते परस्परविरोधी दिसतात. परंतु दोन्ही स्वाराचा घाम मोजतात. घाम पोटासाठी गाळला तर तो हलका आणि हौसेसाठी गाळला तर भारी, अशी ही मोजदाद आहे. रविवारी सकाळी लाखाची सायकल आणि घट्ट पोशाख घालून सिंहगडाच्या पायथ्याशी जाणाऱ्याचे कौतुक होते. त्याच वेळी कॅरियरला कॅन बांधून निघालेल्या दूधवाल्याकडे कोणी पाहतही नाही. दोघांचे पाय तेच काम करत असतात. शरीरश्रमाविषयीची आपली जुनी तुच्छता गेलेली नाही. श्रम ऐच्छिक असतील तेवढ्यापुरता तिने अपवाद केला आहे, इतकेच.

व्यायामाच्या आक्षेपाला उत्तरही आहे. युरोपातील सात शहरांतील सायकलस्वारांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात विद्युत सायकल वापरणाऱ्यांची शारीरिक हालचाल साधी सायकल वापरणाऱ्यांच्या जवळपास बरोबरीची आढळली, कारण ते अधिक लांबचे अंतर कापत होते. पण आम्हांला हे उत्तर पुढे करताना थोडा संकोच वाटतो. व्यायाम होतो म्हणून विद्युत सायकल क्षम्य आहे, असे म्हणणे म्हणजे घामाचे माप पुन्हा मान्य करणे होय. ज्यांचे गुडघे गेले आहेत, ज्यांना चढावर राहावे लागते, ज्यांच्या मागे मूल बसलेले असते, त्यांनी आपल्या सोयीचा खुलासा का द्यावा?

पुणे महानगरपालिकेने २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. तो कागदावरून रस्त्यावर कितपत उतरला हे रोज सायकल चालवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. सायकलमार्गावर उभ्या केलेल्या मोटारी आणि टपऱ्या ते सांगतातच. त्या अडथळ्यापाशी साध्या आणि विद्युत सायकलीचा स्वार सारखाच खाली उतरतो, आणि दोघेही सारख्याच धास्तीने बसच्या शेजारून वाट काढतात. 'खरी सायकल कोणती' हा वाद चालू राहिला की हा प्रश्न मागे पडतो. हवेच्या टायरचा आणि गिअरचा वाद काळाने मिटवला, बॅटरीचाही मिटवील. रस्त्याचा प्रश्न मात्र काळ आपोआप सोडवत नाही. तो सायकलवाल्यांनाच एकत्र येऊन विचारावा लागेल, मग त्यांच्या चाकात मोटर असो वा नसो.