पुण्याच्या रस्त्यांवरचा इटालियन विंचू

फियाट म्हटले की महाराष्ट्रातील जुन्या पिढीला आठवते ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, नाहीतर त्याआधीची 'डुक्कर फियाट'. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला कारखान्यातून या मोटारी रस्त्यावर आल्या आणि दणकट, सोशिक, घरगुती वाहन अशी त्यांची प्रतिमा रुजली. मात्र याच इटालियन कंपनीने कुर्ल्यात आणि पुढे पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरील रांजणगावात काही अत्यंत वेगवान मोटारीही घडविल्या, हे अनेकांच्या लक्षात नाही. त्या फारशा विकल्या गेल्या नाहीत. आज मात्र त्यांचा शोध घेणारे, सिग्नलला शेजारी थांबलेल्या गाडीवरची खूण ओळखून काच खाली करणारे शौकीन पुण्यात आढळतात.

या मालिकेतील पहिली गाडी म्हणजे २००१ साली आलेली पॅलिओ १.६ जीटीएक्स. जॉर्जेतो ज्युजारो यांच्या हातून उतरलेला देह, १५९६ सीसीचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आणि सुमारे १०० अश्वशक्ती. छोट्या गाडीत एवढी ताकद त्या काळी भारतीय ग्राहकाला अपरिचित होती. सचिन तेंडुलकर या गाडीचा जाहिरातदूत होता आणि त्याच्या नावाची 'एस १०' ही मर्यादित आवृत्तीही निघाली. ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते सचिनला मिळालेली फेरारी ३६० मोडेना आणि तिच्या आयातशुल्काचा वाद सर्वांना आठवतो. मात्र त्याच समूहाची, सामान्य माणसाच्या आवाक्यातील वेगवान गाडी विस्मरणात गेली. मालकांच्या आठवणीत राहिले ते तिच्या जड दरवाज्याचा बंद होतानाचा भरीव आवाज आणि वेगातही न डळमळणारी पकड. शेजारीपाजारी मात्र एकच प्रश्न विचारीत, "अ‍ॅव्हरेज किती देते?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर पॅलिओ १.६ कडे कधीच नव्हते.

२००७ मध्ये टाटा आणि फियाट यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली. रांजणगावात २००९ पासून लिनिया आणि ग्रँड पुंटो तयार होऊ लागल्या. २०१० मध्ये टर्बो पेट्रोल इंजिनाची लिनिया टी-जेट आली. ताकद ११४ अश्वशक्ती आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. त्याच इंजिनाचे अधिक तिखट रूप ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो या नावाने दाखल झाले. १४५ अश्वशक्ती, शून्यापासून शंभराचा वेग ८.८ सेकंदांत असा कंपनीचा दावा आणि दिल्लीतील शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार रुपये. सोबत अवेंचुरा या उंच गाडीलाही हेच इंजिन मिळाले.

अबार्थच्या बोधचिन्हातील विंचवाचा उगम राशीत आहे. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्ल अबार्थ यांची रास वृश्चिक. १९४९ मध्ये त्यांनी इटलीत शर्यतीच्या मोटारींचा व्यवसाय सुरू केला आणि १९७१ मध्ये तो फियाटने विकत घेतला. इटलीत शर्यतींच्या मैदानावर गाजलेला हा विंचू अष्टविनायकांपैकी एका गणपतीच्या गावी गाड्यांवर बसविला जात होता, ही गंमत पुणेकरांनी फारशी मिरवली नाही.

अस्सल गाडी ओळखणे हा मात्र गंमतीचा विषय राहिलेला नाही. विंचवाची चिन्हे आणि लाल पट्टे बाजारात सुटे मिळतात. ते साध्या पुंटोवर चिकटवायला तासभर पुरतो. खरेदीदार आरसी बुक पाहतो आणि फसतो तो येथेच. टर्बो इंजिनाची क्षमता १३६८ सीसी, आणि ९० अश्वशक्तीच्या साध्या १.४ पेट्रोल पुंटोचीही १३६८ सीसीच! दोन्ही एकाच इंजिन कुळातील असल्याने केवळ हा आकडा काहीच सिद्ध करीत नाही. बॉनेट उघडून टर्बोचार्जर आणि त्याच्या नळ्या पाहाव्यात. मागील चाकांच्या आत डोकवावे. अबार्थला तेथे डिस्क असते, साध्या पुंटोला ड्रम. जमिनीपासूनची उंचीही मोजावी. साध्या पुंटोपेक्षा अबार्थची ही उंची बरीच कमी, १५५ मिलिमीटर. पुण्यातील गतिरोधकांवर हा फरक पोटाखालच्या ओरखड्यांतूनही वाचता येतो. पॅलिओच्या बाबतीत काम सोपे आहे: १.२ लिटरच्या गाडीची क्षमता १२४२ सीसी असल्याने कागदावरचा १५९६ हा आकडा पुरेसा ठरतो.

या गाड्या दुर्मीळ का झाल्या? पॅलिओ आणि पुंटोची लांबी चार मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन १२०० सीसीपेक्षा मोठे, त्यामुळे २००६ पासून छोट्या मोटारींना मिळणारी करसवलत त्यांना लागू नव्हती. विक्रीपश्चात सेवेबद्दल ग्राहक साशंक होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष अनिवार्य झाले, तेव्हा फियाटने आपल्या नावाच्या गाड्या त्यात बसविल्या नाहीत. रांजणगावात जीपचे उत्पादन २०१७ मध्येच सुरू झाले होते.

सुरुवातीच्या पॅलिओंनी आता विशी ओलांडली आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये खासगी मोटारीसाठी त्याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. वीस हजारांना जाणारी गाडी राखण्यापेक्षा भंगारात देण्याचा हिशेब अनेक घरांत मांडला जातो, आणि भंगारवाला १.२ आणि १.६ असा भेद करीत नाही.

राखणाऱ्यांपुढील अडचण इंजिनाची नाही. टी-जेट इंजिन युरोपात अबार्थ ५९५ सारख्या गाड्यांत पुढेही अनेक वर्षे वापरले गेल्याने त्याचे भाग बाहेरून मागविता येतात. पुंटो इव्होचा चेहरा मात्र खास भारतासाठी घडविलेला. त्यामुळे अस्सल अबार्थ विकत घेताना जाणकार आधी पुढचा बंपर आणि दिवे शाबूत आहेत का ते पाहतात, इंजिन नंतर सुरू करतात.