यंत्राची साक्ष

१९४३ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिस शहरावर डोळ्यांना झोंबणारे दाट धुरके उतरले. प्रथम संशय कारखान्यांवर गेला; परंतु मोटारींच्या धुरातील घटकांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन बनतो, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने पुढील दशकात सिद्ध केले.

१९७५ च्या मोटारींत हा धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. पण ते निकामी झाले तरी मोटार धावतच राहते; चालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून इंजिनाने आपला दोष आपणच नोंदवावा, असा दंडक प्रथम कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मोटारींपासून घातला. १९९६ पासून तो अधिक कडक स्वरूपात साऱ्या अमेरिकेत लागू झाला. दोष आढळला की चालकासमोर पिवळा दिवा लागतो व यंत्राच्या स्मृतीत संकेतांक उमटतो.

हा संकेतांक म्हणजे निदान नव्हे, केवळ लक्षण होय. ‘पी ०४२०’ हा अंक कन्व्हर्टर दुबळा झाल्याचे सुचवितो. परंतु ऑक्सिजन सेन्सर बिघडला किंवा धुराची नळी गळत असली, तरीही तोच अंक उमटू शकतो. म्हणून जाणता कारागीर स्वस्त कारणे आधी तपासतो. परीक्षेपूर्वी अंक पुसणेही व्यर्थ. त्यासरशी यंत्राच्या स्वयंतपासण्यांची नोंद पुसली जाते, आणि अशी गाडी परीक्षक बहुधा परत पाठवितो.

यंत्राची ही साक्ष फिरविता येते, हेही जगाने पाहिले. परीक्षा ओळखून तेवढ्यापुरताच धूर आवरणारी आज्ञावली फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत असल्याचे २०१५ साली उघड झाले. ती लिहिणारी माणसेच होती.