कोल्हापूरचे सेंट झेवियर्स

1957 मध्ये कोल्हापुरात शाळा निघणे ही नवलाची गोष्ट नव्हती. शाहू महाराजांनी 1917 मध्येच संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. खेड्यापाड्यांतून शिकायला येणाऱ्या मुलांसाठी 1901 पासून एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली होती. राजाराम कॉलेज तर त्याहून जुने. मिशनरीही या गावाला अनोळखी नव्हते, कारण रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्येच इथे येऊन शाळा चालवू लागले होते. पण ते प्रोटेस्टंट. कॅथलिक कुटुंबे कोल्हापुरात तुरळक, त्यामुळे येशूसंघाच्या म्हणजे जेझुइट फादरांनी सेंट झेवियर्स हायस्कूल सुरू केले तेव्हा वर्ग भरणार होते ते हिंदू, जैन आणि मुसलमान घरांतल्या मुलांनी. असेंब्ली रोडवरच्या या शाळेची सारी वाटचाल या एका गोष्टीने घडवली आहे. शाळा कॅथलिकांची, मुले कोल्हापूरची.

आज इंग्रजी माध्यमाची शाळा गल्लोगल्ली दिसते. त्या वेळचे वारे मात्र उलटे होते. 6 जानेवारी 1954 ला मुंबई सरकारने हुकूम काढला की ज्यांची भाषाच इंग्रजी आहे, म्हणजे अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक, त्यांच्याच मुलांना इंग्रजी माध्यमाच्या वर्गात प्रवेश द्यावा. हा हुकूम टिकला असता तर पेठेतल्या मराठी पोराला झेवियर्सची पायरी चढताच आली नसती. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलचे प्रकरण कोर्टात गेले आणि त्याच वर्षी 26 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम रद्द ठरवला. नागरिकाला केवळ भाषेच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही आणि अल्पसंख्याकांना आपल्या शाळा चालवण्याचा हक्क आहे, असा तो निकाल होता. कोल्हापूरच्या शैक्षणिक इतिहासात या खटल्याची आठवण क्वचितच निघते. माझ्या मते तिथूनच सुरुवात करायला हवी.

शिवाय काळ संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा. मराठी राज्यासाठी सभा-मोर्चे गाजत होते आणि त्याच दिवसांत मराठी आईबाप मुलांना इंग्रजी वर्गात बसवत होते. मला यात विसंगती दिसत नाही. राज्य आपल्या भाषेचे हवे आणि मुलाला जगाची भाषाही यावी, या दोन्ही इच्छा एकाच घरात नांदत होत्या.

जेझुइटांना शाळा चालवण्याचा अनुभव मोठा होता. पुणे-बेळगाव या रस्त्याच्या दोन टोकांना त्यांच्या दोन जुन्या शाळा होत्या, बेळगावचे सेंट पॉल्स 1856 चे आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स 1867 चे. पुण्याचे लोयोला 1961 मध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या मागून आले. या भागातले मिशन जर्मन जेझुइटांकडे होते. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध केले आणि पुढे मायदेशी धाडले. तरी शाळा बंद पडल्या नाहीत. स्वातंत्र्यानंतरच्या पिढीतही पुण्याच्या जेझुइटांत जर्मन आणि स्विस फादर होते आणि त्यांच्याबरोबर गोवा, मंगळूर, वसई अशा भागांतून आलेले भारतीय फादर वाढत गेले.

या संघाच्या शाळांचा एक जुना आराखडा आहे, 1599 मध्ये पक्का झालेला ‘रात्सियो स्टुडिओरुम’. त्यात पाठाचा क्रम असा: आधी गुरुजींनी उतारा उलगडून दाखवायचा, मग मुलाने तो आपल्या शब्दांत परत मांडायचा, दुसऱ्या दिवशी नव्या धड्याआधी पुन्हा एकदा, आठवड्याअखेरीस आणखी एकदा, आणि मग त्याच धर्तीवर स्वतः काही लिहायचे. यात उजळणीला मानाचे स्थान आहे आणि तिला घोकंपट्टी म्हणता येणार नाही, कारण दर खेपेला मुलाला आपले शब्द वापरावे लागतात. घरी इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलाला तर या पद्धतीचा फायदाच अधिक. आई इंग्रजी वाचत नाही, वडील दुकानात किंवा शेतावर, शिकवणी परवडत नाही. अशा मुलाचे जे काही व्हायचे ते वर्गातच व्हायला हवे. शाळेचे यश मोजायचे तर गुणवत्ता यादीतल्या नावांपेक्षा या मुलापासून मोजावे, असे मला वाटते.

जेझुइट शाळांत वहीच्या पानाच्या माथ्यावर ‘ए.एम.डी.जी.’ ही अक्षरे लिहायची जुनी रीत आहे. ‘ईश्वराच्या अधिक गौरवासाठी’ असा त्या लॅटिन शब्दांचा अर्थ. खाली त्याच पानावर बैजिक राशींचे अवयव पाडलेले असतात. कॅथलिक मुलांचा धर्मशिक्षणाचा तास असतो तेव्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स. त्यात खरे बोलणे, रांग न मोडणे, डबा वाटून खाणे असले विषय येतात. 1973 मध्ये संघाचे प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांना सांगितले की दुसऱ्यांसाठी जगणारी माणसे घडवणे हेच आपल्या शिक्षणाचे काम आहे. तेव्हापासून जगभरच्या जेझुइट शाळांत समाजसेवेच्या उपक्रमांना जोर आला.

वर्गात ‘स्पीक इन इंग्लिश’. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ‘आरं, फादर बोलावल्यात तुला’. कोल्हापूरच्या शाळेत दुसरे काय होणार! ‘बोलावल्यात’मधला तो आदरार्थी बहुवचनी थाट फादरांनाही आपसूक लाभला. मैदानावर फुटबॉल, कारण हे गाव तालमींच्या संघांवर जीव टाकणारे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना असला की गल्ली ओस पडते.

अभ्यासक्रम राज्याचाच. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे पेव फुटले ते खूप नंतर. सुरुवातीच्या तुकड्या अकरावीच्या एस.एस.सी.ला बसल्या. मार्च 1975 मध्ये दहावीची पहिली परीक्षा झाली आणि नव्या आकृतिबंधाबरोबर गणित-विज्ञान सगळ्यांनाच घ्यावे लागले. परीक्षेचे काम आधी पुण्याहून चाले, पुढे कोल्हापूरलाच विभागीय मंडळ आले. दहावीच्या आधीचीही परीक्षांची एक परंपरा इथल्या प्रत्येक शाळेला ठाऊक आहे: स्कॉलरशिप, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, हिंदीच्या परीक्षा, होमी भाभा बालवैज्ञानिक. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात इंटरमिजिएटच्या ‘ए’ ग्रेडचे कौतुक जरा जास्तच. 2021 मध्ये करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही आणि नववी-दहावीच्या मूल्यमापनावर निकाल लागला.

फादर बदलून जातात. संघाचा नियमच तसा आहे, आज मुख्याध्यापक असलेले फादर काही वर्षांनी दुसऱ्या गावी. शाळेत टिकतात ते सर आणि टीचर, त्यातले बहुतेक याच जिल्ह्यातले. एकाच घरातल्या दोन पिढ्यांना शिकवलेले शिक्षक अशा शाळांतून सापडतात. धर्मप्रांतही बदलला. 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि कोल्हापूर जिल्हा त्यात गेला.

एक गोष्ट मात्र मला मनापासून मांडायची आहे. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कॅथलिक शाळांनी ती केवळ सरकारी अट म्हणून पाळू नये. याच येशूसंघाचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि मराठीत ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचून 1616 मध्ये छापले. मराठीवर इतके प्रेम करणारा पूर्वज ज्या संघाला लाभला, त्या संघाच्या शाळेत मराठीचा तास दुय्यम राहून चालणार नाही. आठवी-नववीच्या मुलांना स्टीफन्स यांची चार पाने तरी वाचायला मिळावीत, सोपी करून दिली तरी चालतील.

आणि दुसरे काम तातडीचे आहे. साठ-सत्तरच्या दशकात रुजू झालेले शिक्षक आता सत्तरी-ऐंशीच्या आसपास किंवा पुढे आहेत. पहिल्या तुकड्यांतली मुले आजोबा झाली. कोणत्या घरांतून मुले आली, फी कशी भरली, पहिल्या वर्षी इंग्रजी कळत नसताना वर्गात काय केले, हे तेच सांगू शकतील. माजी विद्यार्थ्यांनी वह्या आणि रेकॉर्डर घेऊन यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या घरी जावे.