परदेशाची वाट गावच्या दप्तरातून

पासपोर्टचा इतिहास बहुधा कायद्यांच्या सालांनी सांगितला जातो: 1920 चा ब्रिटिश हिंदुस्थानातला कायदा, परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल 1967 चा निकाल आणि त्यामागोमाग जूनमध्ये आलेला पासपोर्ट कायदा. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याहून पाहिले, तर ही साले अपुरी पडतात. इथल्या माणसाला परदेशी जाण्याचा हक्क मिळाला, पण तो बजावायला लागणारा कागद कित्येक वर्षे मागून आला. मराठवाड्याच्या खेड्यांतून परदेशी कोण जाऊ शकले आणि कोण अडले, याचे एक मोठे कारण या अंतरात आहे, असे माझे मत आहे.

सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाचा. संस्थानी रयत ही कायद्याने ब्रिटिश प्रजा नव्हती. तिच्यातल्या कोणी पासपोर्ट काढलाच, तर त्यावर 'ब्रिटिश संरक्षित व्यक्ती' अशी नोंद होई. अर्थात अशी वेळ शेतकऱ्यावर फारशी येत नसे. त्याच्यासाठी परमुलूख म्हणजे पलीकडचे वऱ्हाड. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके होते, अलीकडे निजामाचा हाली शिक्का रुपया चाले, पलीकडे ब्रिटिशांचा कलदार. पण नाक्यावर मुख्य चौकशी मालाची होई. माणसाची ओळख गाव, बाप आणि जात सांगितली की पटे. रझाकारांच्या जाचामुळे 1947-48 मध्ये लोकांनी सरहद्द ओलांडून उमरखेडसारख्या ठिकाणी आसरा घेतला, तोही ओळखीपाळखीवर. सरकारी दप्तर उर्दूत आणि कालगणना फसली: तिथले 1357 म्हणजे आपले साधारण 1947-48. पुढे देवनागरी आणि इंग्रजी अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा या दप्तरातली जुनी नोंद सापडली तरी ती वाचणारा शोधावा लागे. कुणबी नोंदींसाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीलाही निजामकाळचे कागद उलगडायला उर्दू-मोडीच्या जाणकारांची मदत घ्यावी लागली. मग एकट्या अर्जदाराची काय कथा!

स्वातंत्र्यानंतर ही पोकळी शाळेने भरली. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकसारखा कायदा 1969 चा. तो खेड्यात मुरायला आणखी काळ गेला. तोवर जन्मतारखेचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. पोराला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी अंदाजाने साल धरत आणि 1 जून लिहून टाकत. त्यात लबाडी नव्हती, सोय होती. पण त्या सोयीने ठरलेला वाढदिवस पुढे नोकरीला, निवृत्तीला आणि पासपोर्टलाही चिकटला. आणि जी मुलगी शाळेतच गेली नाही, तिला ती अंदाजाची तारीखसुद्धा मिळाली नाही. पुढे 26 जानेवारी 1989 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्म दाखलाच सक्तीचा झाला. ज्यांची नोंद वेळेत झाली नव्हती त्यांना वर्ष उलटल्यावर न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश आणावा लागे. म्हणजे वकील, तारखा आणि बुडालेली मजुरी.

यावर कोणी म्हणेल की कुरुंद्याच्या परिसरातली माणसे परदेशी गेली नाहीत ती गरिबीमुळे. उसाच्या फडावर किंवा पुण्या-मुंबईला जाणाऱ्याला पासपोर्टचे काय? यात तथ्य आहे, आणि संख्येने तेच स्थलांतर मोठे. पण गरिबी आणि कागद वेगळे करता येत नाहीत. आखातात मजूर लागले तेव्हा केरळचे गरीबही गेलेच. तिथे शाळा आधी पोचली होती. शिवाय 1983 च्या उत्प्रवास कायद्याने कमी शिकलेल्याच्या पासपोर्टवर सरकारी तपासणीची अट घातली आणि पुढे दहावी झालेल्याला तीतून सूट मिळाली. मजुराला फसवणाऱ्या दलालांपासून वाचवणे हा हेतू योग्यच होता. तरी फळ असे की दहावीचे प्रमाणपत्र नसलेल्याला एक फेरा जास्त पडला, आणि त्या फेऱ्यावर नेमका दलालच उभा राहिला. हजचा अनुभवही हेच सांगतो. यात्रेकरूंना पूर्वी वेगळा पास मिळे. सौदी सरकारने 2009 पासून आंतरराष्ट्रीय पासपोर्ट मागितला आणि निजामकाळात जन्मलेल्या म्हाताऱ्यांनाही आयुष्यात प्रथमच आपला जन्म कागदावर सिद्ध करावा लागला.

दुसरा आक्षेप असा की आता हे सारे संपले: टपाल कचेऱ्यांत पासपोर्ट सेवा केंद्रे आली, डिसेंबर 2016 मध्ये जन्म दाखल्याची सक्ती सैल होऊन इतर पुरावेही चालू लागले. ती सुधारणा मोठी होती, तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना पुन्हा जन्म दाखला हाच एकमेव पुरावा ठरवला आहे. शिवाय कागद असणे आणि टिकणे यांत फरक आहे. जुलै 2022 च्या पुरात कुरुंद्यात घराघरांत पाणी शिरले. अशा वेळी धान्याबरोबर ट्रंकेतले दाखलेही जातात, आणि पंचनाम्यात नुकसान म्हणून धान्याचीच नोंद होते. त्यातच 1950 साली इथे जन्मलेल्याचे राज्य आधी हैदराबाद, 1956 ला मुंबई, 1960 ला महाराष्ट्र आणि 1999 पासून जिल्हाही परभणीऐवजी हिंगोली. घर मात्र जागचे हललेले नाही. त्याच्या जुन्या कागदावरचा जिल्हा आणि नव्या कागदावरचा जिल्हा जुळत नाही, आणि तो का जुळत नाही हे खिडकीपलीकडच्याला समजावून देण्याचे काम अजून त्याच्याच गळ्यात आहे.